छिद्र नसलेली चाळण

इंधनवायूच्या मिश्रणातून हायड्रोजन वेगळा काढणाऱ्या सिरॅमिक पटलांची दोन घराणी मानता येतील. पहिलं सरळ चाळणीचं. सिलिकाच्या पातळ थरात नॅनोमीटरच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढी छिद्रं ठेवायची. हायड्रोजनच्या रेणूचा व्यास २.८९ अँगस्ट्रॉम, कार्बन डायऑक्साइडचा ३.३, मिथेनचा ३.८. बारीक तो सुटला, जाडा तो अडकला. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठातून १९९८ मध्ये अशा पटलाचा फार देखणा नमुना पुढे आला. पण गरम वाफ लागली की सिलिकाची वीण आकसते, आणि इंधनवायूच्या भट्टीत वाफेला कुठे तोटा? शिवाय, मला विचाराल तर, चाळणीत गूढ असं काही नाही.

गूढ आहे ते दुसऱ्या घराण्यात. जपानच्या हिरोयासु इवाहारा आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये दाखवून दिलं की स्ट्रॉन्शियम सेरेटसारख्या घट्ट भाजलेल्या, छिद्र नसलेल्या सिरॅमिकमधून हायड्रोजन आरपार जाऊ शकतो. त्यासाठी त्यांनी स्फटिकात मुद्दाम एक उणीव पेरली. सेरियमचा विद्युतभार चार. त्याच्या काही जागी तीन भाराचा यटर्बियम बसवला. भारांचा हिशेब जुळवायला स्फटिक आपले थोडे ऑक्सिजन सोडून देतो. रिकाम्या झालेल्या जागेत वाफेच्या रेणूचा ऑक्सिजन येऊन बसतो आणि त्याच्याबरोबर आलेले दोन प्रोटॉन आसपासच्या ऑक्सिजनांना बिलगतात. पुढची चाल पाहण्यासारखी आहे. प्रोटॉन आपल्या ऑक्सिजनभोवती गिरकी घेतो, मग शेजारच्यावर उडी मारतो. पुन्हा गिरकी, पुन्हा उडी. ऑक्सिजन जागचे हलत नाहीत. कार्बन मोनॉक्साइड कितीही दाबानं धडकला तरी त्याला वाट नाही, कारण इथे आकार विचारलाच जात नाही. विचारली जाते जात. (एरवी हा प्रश्न मला खपत नाही, स्फटिकाला माफ.)

अडचण इलेक्ट्रॉनची. हायड्रोजन पटलात शिरतो तो प्रोटॉन होऊन; मागे राहिलेला इलेक्ट्रॉन पलीकडे पोचला नाही तर सगळं ठप्प. अमेरिकेतल्या आर्गॉन प्रयोगशाळेनं सिरॅमिकमध्ये निकेल मिसळलं: प्रोटॉन सिरॅमिकमधून जातात, इलेक्ट्रॉन धातूतून, आणि पलीकडे दोघांचा पुन्हा हायड्रोजन होतो. ना तार, ना वीज. दोन बाजूंच्या हायड्रोजनच्या दाबातला फरक पुरतो. चतुर रचना आहे. तरी माझी पसंती वीज लावणाऱ्यांना, आणि त्याचं कारण मिथेनच्या अभिक्रियेत आहे.

मिथेन आणि वाफेपासून हायड्रोजन करायचा तर अभिक्रिया मध्येच अडते. तयार झालेला हायड्रोजनच तिला मागे ढकलतो. शिवाय ती उष्णताखाऊ, त्यामुळे बाहेरून भट्टी पेटवावी लागते. नॉर्वे आणि स्पेनमधल्या संशोधकांनी २०१७ मध्ये हे दोन्ही प्रश्न एकाच पटलावर सोपवले. ८०० अंश सेल्सियसला विजेच्या जोरावर हायड्रोजन होता होता उपसला, तसा मिथेन शेवटपर्यंत संपत गेला. उपसलेला हायड्रोजन पटलानंच ५० बारपर्यंत दाबला. वीज वाहताना आणि वायू दाबताना जी उष्णता सुटते ती वाया न जाता तिथल्या तिथे अभिक्रियेनं खाल्ली. वेगळं काढणं, दाबणं आणि तापवणं ही तीन यंत्रांची कामं एका पातळ थरात अशी एकमेकांत मुरवलेली मी दुसरीकडे पाहिलेली नाहीत.

दोष आहेतच. बेरियम सेरेट प्रोटॉन छान वाहून नेतं, पण कार्बन डायऑक्साइड भेटला की त्यातल्या बेरियमचं कार्बोनेट होऊन स्फटिक मोडतो. आणि हा वायू तर या कामात ठायी ठायी. बेरियम झिर्कोनेट त्याला दाद देत नाही, पण ते भाजताना नीट घट्ट होत नाही आणि त्याच्या कणांच्या सीमांवर प्रोटॉन अडखळतात. म्हणून दोघांचं मिश्रण, त्यात भाराची उणीव पेरायला यट्रियम, आणि भाजणी सुकर व्हावी म्हणून थोडं निकेल.

२०२२ मध्ये अशा पटलांचे ३६ घट एकत्र रचून दिवसाला ०.३४ किलो हायड्रोजन काढला गेला. कारखान्याच्या मानानं हा आकडा किरकोळ आहे. त्या रचनेत मला दाद द्यावीशी वाटते ती घटांना जोडणाऱ्या कड्यांना: धातू आणि काचसिरॅमिक यांचं असं मिश्रण, की तापल्यावर ते पटलाइतकंच फुगतं, वीज पुढे नेतं आणि सांध्यातून वायू सुटू देत नाही. कौतुकाच्या लेखांत पटलावर पानं खर्ची पडतात. या कड्यांना जेमतेम एखादी ओळ मिळते.