यहोशवाच्या ग्रंथातील 'हेरेम' : अर्थ आणि हिंसा

प्राचीन यहुदी युद्धकथांचा प्रश्न मराठीस परका नाही. कोकणातील बेने इस्राएल समाजाची भाषा मराठी. १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात त्याने बायबलमधील कथांवर मराठी कीर्तनेही रचली. तेव्हा यरीहो नगर पडल्यावर स्त्रीपुरुष, बालवृद्ध व गुरेढोरे यांचा संहार झाला, ही यहोशवाच्या ग्रंथातील कथा मराठीत वाचताना कोणता अर्थ हाती येतो, हे पाहणे अगत्याचे आहे.

या संहारास मूळ हिब्रूत 'हेरेम' ही संज्ञा आहे. अरबी-फारसीतून मराठीत आलेला 'हराम' हा शब्द त्याच सेमिटिक धातूचा. व्यवहारातून काढून वेगळे ठेवलेले, म्हणून निषिद्ध, हा दोहोंचा गाभा. जे देवाचे झाले ते माणसाने भोगावयाचे नाही. मराठीत 'समूळ नाश' म्हटले की अर्पणाची कल्पना लोपते. 'समर्पण' म्हटले की रक्त दिसेनासे होते. खरी भीषणता या दोन अर्थांच्या एकत्र नांदण्यात आहे. येथे वध हीच पूजा ठरते.

ही कल्पना एकट्या इस्राएलाची नव्हे. १८६८ साली सापडलेल्या, इ. स. पूर्व नवव्या शतकातील शिलालेखात मवाबचा राजा मेशा, नबो हे इस्राएली नगर जिंकून सात हजारांचा वध केल्याचे सांगतो, आणि आपल्या देवतेच्या नावे याच धातूचे क्रियापद योजतो.

कॅथलीन केन्यन यांच्या १९५२ ते १९५८ च्या उत्खननात कथेच्या काळी यरीहोस तटबंदीचे नगर असल्याचा पुरावा मिळाला नाही. 'शास्ते' या ग्रंथाचा पहिला अध्यायही न हटलेल्या कनानी लोकांची यादी देतो. यावरून कित्येक अभ्यासक हा संहार युद्धवर्णनातील अतिशयोक्ती मानतात. बखरींतील 'गर्दीस मिळविले' ज्यास परिचित आहे त्यास हे पटेल. परंतु तेवढ्याने प्रश्न मिटत नाही. घटना घडली नसेल. ती आदर्श म्हणून सांगितली गेली, हे उरतेच.

कथेने मात्र स्वतःच एक अडचण उभी केली आहे. राहाब ही यरीहोची गणिका, परकी. ती कुटुंबासह वाचते. आखान हा यहूदा वंशातील, आपला. तो अर्पित लुटीतील झगा, रुपे व सोने लपवितो आणि मुलाबाळांसह मारला जातो. म्हणजे आपला व परका ही रेषा कथेतच पुसट होते. तरीही यरीहोच्या इतर बालकांस राहाबचा अपवाद लाभला नाही. म्हणून अनुवादकाने हा शब्द सौम्य करू नये, आणि समीक्षकाने ही कथा.