बिनतारी जाळ्यांतील प्रमाणीकरण आणि कूटलेखन : एक चिकित्सा

प्रस्तावना :
तारेने जोडलेल्या संगणकाचा संदेश तार जेथवर जाते तेथवरच जातो. बिनतारी जाळ्यात मात्र रेडिओलहरी भिंतीबाहेरही पोहोचतात. त्यामुळे अशा जाळ्यापुढे दोन स्वतंत्र प्रश्न उभे राहतात. जोडणी मागणारा कोण, हा प्रमाणीकरणाचा प्रश्न. आणि हवेतून जाणारा मजकूर तिऱ्हाइतास वाचता येईल काय, हा कूटलेखनाचा. १९९७ च्या ८०२.११ मानकातील ‘वायर्ड इक्विव्हॅलंट प्रायव्हसी’ अर्थात ‘वेप’ या पद्धतीने दोहोंसाठी एकच सामायिक चावी वापरली. या सरमिसळीचे परिणाम आजही उद्बोधक आहेत.

‘वेप’चे दोष :
‘वेप’मध्ये प्रत्येक पाकिटासाठी चावीला २४ बिटांची आरंभसंख्या जोडली जाई. अशा संख्या केवळ १,६७,७७,२१६ असल्याने वर्दळीच्या जाळ्यात काही तासांतच त्यांची पुनरावृत्ती अटळ होती. २००१ मध्ये फ्लुहरर, मँटिन व शमीर यांनी तर ऐकलेल्या पाकिटांवरून मूळ चावीच मिळवता येते, असे दाखवून दिले. परंतु याहून मर्मभेदक दोष प्रमाणीकरणात होता. जोडणीकेंद्र एक आव्हान-मजकूर उघडा पाठवी आणि वापरकर्त्याचे यंत्र तोच मजकूर कूटबद्ध करून परत करी. दोन्ही ऐकणाऱ्यास त्यांच्या तुलनेतून कूटप्रवाह हाती लागे व चावी ठाऊक नसतानाही तो स्वतःस प्रमाणित करून घेऊ शके. पहारेकऱ्यानेच कुलपाचा ठसा चोराच्या हाती द्यावा, असा हा प्रकार होय.

सुधारणा आणि मर्यादा :
२००३ मधील ‘डब्ल्यूपीए’ आणि २००४ मधील ८०२.११आय मानकाने कूटलेखन भक्कम केले. तथापि घरगुती वापरात सामायिक परवलीचा शब्द कायम राहिला. त्यातून ‘शब्द जाणणारा कोणी तरी’ एवढेच सिद्ध होते. शिवाय ‘डब्ल्यूपीए-२’मध्ये तो शब्द जाणणाऱ्याने जोडणीच्या वेळची देवाणघेवाण ऐकली, तर इतरांचा मजकूरही त्यास उलगडता येतो. २०१८ मधील ‘डब्ल्यूपीए-३’ने अशा चोरून ऐकण्यास प्रतिबंध केला, व्यक्तीच्या ओळखीचा प्रश्न मात्र सामायिक शब्दाने सुटत नाही.

या प्रश्नाचे गांभीर्य २००८ मध्ये महाराष्ट्रास प्रत्ययास आले. २६ जुलै रोजी अहमदाबादेतील बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटे आधी आलेला धमकीचा ई-मेल नवी मुंबईतील एका घरातील असुरक्षित वाय-फाय जोडणीवरून गेल्याचे आढळले. संशयाची सुई प्रथम तेथील रहिवाशाकडे वळली. जाळ्याने आगंतुकास ओळख विचारली नव्हती. जाब मात्र यजमानास द्यावा लागला.

निष्कर्ष :
कूटलेखन मजकुराचे रक्षण करते, तर प्रमाणीकरण उत्तरदायित्व निश्चित करते. एकाच्या बळावर दुसऱ्याची उणीव भरून निघत नाही. महाविद्यालये, वसतिगृहे व ग्रंथालये येथे भिंतीवर लिहिलेला एकच परवलीचा शब्द म्हणूनच अपुरा ठरतो. ८०२.१एक्स मानकानुसार प्रत्येकास स्वतंत्र ओळख देण्याची व्यवस्था खर्चिक व कष्टप्रद असली, तरी तेथे तीच सयुक्तिक होय.