जेन्नेची मशीद: परांचीच जिथे अलंकार होते

पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशात, जेन्ने गावी मातीची एक प्रचंड मशीद उभी आहे. तिच्याकडे पाहताना नजर आधी खिळते ती भिंतींतून बाहेर आलेल्या लाकडांच्या जुड्यांवर. ताडाच्या जातीच्या झाडाची ही लाकडं. त्यांना ‘तोरोन’ म्हणतात. सरळ ओळींत रोवलेली. ऊन फिरतं तशा त्यांच्या सावल्या गुळगुळीत मातीवर तिरप्या, लांबट होत सरकतात. छिन्नी न लावता भिंतीवर नक्षी उमटते आणि ती दिवसभर बदलत राहते. अलंकार म्हणून एवढंही पुरे होतं. पण गिलाव्याच्या दिवशी गवंडी याच लाकडांवर पाय रोवून थेट वरपर्यंत चढतात. वेगळी परांची बांधावी लागत नाही, ती इमारतीच्या अंगातच आहे. दुरुस्तीची सोय हाच दागिना व्हावा, ही या वास्तूतली मला सर्वांत देखणी वाटणारी कल्पना.

आजची इमारत १९०७ची. जागा मात्र तेराव्या शतकापासूनच्या मशिदीची. पूर्वेची, किब्ल्याची म्हणजे नमाजाच्या दिशेची भिंत बाजाराच्या चौकाकडे पाहते. तिच्यात तीन चौकोनी मनोरे, मध्ये भिंतीला लगटून उभे अर्धस्तंभ, आणि प्रत्येकाच्या माथ्यावर मातीचा निमुळता सुळका. मनोऱ्यांच्या शिखरांवर शहामृगाची अंडी बसवलेली. शुचिता आणि सुफलतेची ती खूण. या सगळ्या उभ्या रेषांत एकही कड धारदार नाही. ओळंबा लावून तासलेल्या कोपऱ्याची इथे अपेक्षाच करू नये. वर्षानुवर्षं तळव्यांनी लिंपून कोपरे गोलावले आहेत, आणि त्या गोलाईमुळेच एवढा अवजड आकार डोळ्यांना मऊ वाटतो.

खाली उंच जोतं आहे, बानी नदीचं पुराचं पाणी भिंतींना लागू नये म्हणून. छपरावरचं पाणी भाजलेल्या मातीच्या पन्हळींतून भिंतीपासून लांब पडतं.

खरी कारागिरी गिलाव्याच्या चिखलात आहे. मातीत भाताचं तूस घालून ती काही दिवस कुजत ठेवतात, म्हणजे तिला चिकटपणा येतो. खड्ड्यातला चिखल पोरं नाचून तुडवतात, बायका पाणी वाहतात, तरुण भरल्या टोपल्या घेऊन धावतात. कुठे किती थर द्यायचा, हे ‘बारे तोन’ या गवंड्यांच्या संघातले जाणते ठरवतात. पावसाळ्याआधी सारं गाव या कामाला लोटतं. थापी क्वचितच, थर बसतो तो हातानेच. आपल्याकडे सारवलेल्या अंगणात बोटांची वळणं दिसतात तशी ती इथे मनोऱ्याच्या उंचीवरही दिसतात. इमारतीवर करणाऱ्याची सही शोधायची, तर ती तिथे शोधावी.

माती पावसाला किती भिते, हे नोव्हेंबर २००९मध्ये दिसलं. मुसळधार पावसात दक्षिणेच्या मनोऱ्याचा वरचा भाग ढासळला. आगाखान न्यासाचं जतनकाम तेव्हा चालूच होतं. थरावर थर चढून भिंती आणि छप्पर फार जड झाले होते. ते जुने लेप खरवडून काढावे लागले. प्रेमाने केलेल्या लिंपणाचंही ओझं होतं, हे त्या कामातून उघड झालं. मनोरा पुन्हा रचला तो जेन्नेच्याच गवंड्यांनी, मातीतच, आणि त्यात तोरोनही पुन्हा रोवले.