एका पानात किती पाठ?

विकी म्हटले की मराठी वाचकाला विकिपीडिया आठवतो आणि चौकशी तिथेच थांबते. वास्तविक विकी चालवणारी सॉफ्टवेअर अनेक आहेत, आणि संपादन म्हणजे काय याविषयीचे एक मत प्रत्येकाच्या रचनेत दडलेले असते. खानदेशातल्या ओव्या, म्हणी आणि शब्द अशा ठिकाणी साठवायचे, तर ते मत आधी तपासायला हवे.

धुळ्याकडची अहिराणी आणि जळगावच्या यावल-रावेर पट्ट्यातली लेवा गणबोली एक नव्हेत. ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणात १९०७ च्या खंडात खानदेशी भिल्ली बोलींच्या शेजारी बसवली आहे, मराठीच्या खंडात नव्हे. हे वर्गीकरण मान्य करा वा नका करू, पण मराठी विकिपीडियावर अहिराणी हा विषय असतो, भाषा नसते.

मीडियाविकी हे २००२ साली विकिपीडियासाठी लिहिले गेले. त्याचे मोठे बळ म्हणजे हस्तलिखिताचे छायाचित्र आणि त्याचा लिप्यंतरित मजकूर शेजारी-शेजारी ठेवणारी जोडणी. विकिस्रोत तिच्यावरच चालते. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळासारख्या जुन्या कागदांच्या संस्थेला याहून सोयीचे काही मला दिसत नाही. पण त्याला डेटाबेस लागतो आणि तो सांभाळणारा माणूस लागतो. गावोगावच्या हौशी संग्राहकाला हा संसार झेपणार नाही.

डोकुविकी (२००४) प्रत्येक पान साध्या मजकुराच्या फायलीत ठेवते, आणि जुन्या आवृत्त्या ‘अ‍ॅटिक’ नावाच्या फोल्डरमध्ये, म्हणजे सरळ माळ्यावर! उद्या सॉफ्टवेअर बंद पडले तरी फायली वाचता येतात. खोट देवनागरीत निघते. मूळ मांडणीत फाइलच्या नावातले प्रत्येक देवनागरी चिन्ह नऊ अक्षरांच्या सांकेतिक रूपात जाते, आणि नावाची मर्यादा बहुधा २५५ बाइटांची. म्हणजे काना, मात्रा, वेलांटी धरून जेमतेम सव्वीस-सत्तावीस चिन्हे. ‘कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ’ हे नाव त्यात मावतच नाही. मांडणी बदलता येते, पण ती बदलावी लागते हे नवख्याला कोण सांगणार? टिडलीविकी (हीही २००४ चीच) सगळी एका फायलीत मावते. एकट्याच्या टिपणवहीला ठीक, चौघांच्या कामाला नाही.

माझा खरा आक्षेप मात्र या तिन्हींवर आहे. एका नावाचे एक पान आणि त्याचे ‘आजचे’ एकच रूप, बाकी सारे इतिहासात, हे तिघींनाही मान्य आहे. आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. मुलगा सोपानदेव आणि एका नातेवाइकाने उतरवून घेतलेली गाणी १९५२ मध्ये छापून आली. तोंडी गाण्याचे दोन पाठ भावंडांसारखे असतात. त्यांतला एक जुना आणि दुसरा सुधारलेला नसतो. विकीच्या इतिहासात मात्र एक पाठ दुसऱ्याखाली गाडला जातो, आणि गाणारीचे नाव तर कुठेच राहत नाही. पिंपळनेरच्या तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी घडवलेल्या विश्वकोशात नोंदीखाली निदान लेखकाचे नाव असते.

गंमत अशी की १९९५ साली पहिली विकी घडवणाऱ्या वॉर्ड कनिंगहॅम यांनीच २०११ मध्ये फेडरेटेड विकी काढली. तिथे ज्याची त्याची प्रत ज्याच्या त्याच्याकडे राहते आणि दुसऱ्याचे पान हवे तर उचलून आपल्याकडे आणता येते. विचार मोलाचा, पण ती चालवायला प्रत्येकाला स्वतःची जागा लागते, आणि शोध घेताना सगळे विखुरते.

म्हणून मी डोकुविकीच घेतली. प्रत्येक गावाचा वेगळा कप्पा, प्रत्येक गाणारीचे वेगळे पान. फाइलचे नाव आखूड सांकेतिक, खरे शीर्षक पानाच्या आत. एका ओवीच्या पाच पानांना जोडणारे सहावे पान आहे. त्यात दुवे आहेत, ओवी नाही.