एक तास बावन्न मिनिटं

पूर्वी पुण्यात ज्याला दुसरं काही सुचत नसे तो क्लास काढायचा. आता तो पॉडकास्ट काढतो. भांडवल फारसं लागत नाही. दोन खुर्च्या, दोन माईक, मागे कुंडीत एक झाड आणि समोर एक पाहुणा. झाड प्लॅस्टिकचं चालतं, पाहुणा मात्र खरा लागतो. सगळी पंचाईत तिथूनच सुरू होते.

‘पॉडकास्ट’ हा शब्द २००४ साली एका इंग्रज पत्रकाराने सुचवला. आयपॉड आणि ब्रॉडकास्ट यांची ही संधी. त्यातला आयपॉड २०२२ साली कंपनीने बंद केला. मूळपुरुष गेला, आडनाव तेवढं राहिलं. पुण्यात हे नवीन नाही.

मी बँकेतला कारकून. कोथरूडहून बसने जातो आणि वाटेत कानात काहीतरी घालून बसतो. तेव्हा श्रोता या नात्याने चार शब्द बोलायचा मला हक्क आहे. आपल्याकडच्या बहुतेक भागांची मांडणी ठरलेली असते. आधी मधल्याच गप्पांचे तुकडे ऐकवतात, म्हणजे पानात जिलबी वाढायची आणि लगेच उचलून न्यायची. मग स्वागत. मग ‘सबस्क्राइब करा’. मग पाहुण्याची ओळख, तीही पाहुण्यालाच करून द्यायची. आणि मग तो प्रश्न, ‘सर, तुमचा हा प्रवास कसा सुरू झाला?’ तोपर्यंत माझा प्रवास संपून मी काउंटरला बसलेलो असतो.

यात हसण्यासारखं पुष्कळ आहे, पण परवा मला हसू आलं नाही. आमच्या सोसायटीत एक काका आहेत, वय चौऱ्याऐंशी. पेठेतल्या एका छापखान्यात त्यांनी अडतीस वर्षं खिळे जुळवले. इंग्रजीचं काम थोड्या खिळ्यांवर भागतं. मराठीला काना, मात्रा, वेलांट्या, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं धरून खणच्या खण लागतात. कुठला खिळा कुठल्या खणात हे काका आजही डोळे मिटून सांगतात. खिळ्यावर अक्षर उलटं असतं, त्यामुळे उलटं वाचायची सवय इतकी, की समोरच्याच्या हातातला पेपर ते पलीकडून वाचून मोकळे होतात. अशा माणसाला एका तरुण पॉडकास्टवाल्याने बोलावलं. भाग झाला एक तास बावन्न मिनिटांचा. बालपण, शाळा, आवडता पदार्थ, पुणं किती बदललं, तरुणांना संदेश, सगळं झालं. एक तास चाळिसाव्या मिनिटाला काकांनी आपणहून खिळ्यांचा विषय काढला. चारच मिनिटं बोलले असतील, तेवढ्यात यजमान म्हणाला, ‘वा काका, फारच इंटरेस्टिंग! पण आपल्याकडे वेळ कमी आहे.’

काकांनी तो भाग ऐकला आणि मला एवढंच म्हणाले, ‘अरे, प्रूफ न बघताच छापलंय.’

आता याच गावातलं दुसरं उदाहरण घ्या. आकाशवाणीचं पुणे केंद्र १९५३ साली सुरू झालं आणि १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, तिथून ‘गीतरामायण’ सुरू झालं. कल्पना सीताकांत लाडांची, गीतं गदिमांची, संगीत सुधीर फडक्यांचं. आठवड्याला एक गाणं, असं वर्षभर. त्या वर्षी अधिक महिना आला, म्हणून ५२ ऐवजी ५६ गाणी झाली. म्हणजे आराखड्यात पंचांगसुद्धा धरलं होतं! सुरुवात रामजन्माने नाही, तर रामापुढे गाणाऱ्या कुश-लवांनी. शेवटच्या गाण्यात वाल्मीकी त्याच मुलांना कसं गावं ते सांगतात. मधलं प्रत्येक गाणं कुणाच्या तरी तोंडी, कधी दशरथाच्या, कधी नावाड्यांच्या, कधी शूर्पणखेच्या. कोण बोलतंय, कुणाशी आणि कशासाठी, हे आधी ठरलेलं. पहिलं गाणं ऐन वेळी हरवलं, तेव्हा गदिमांना खोलीत कोंडून ते पुन्हा लिहून घेतलं, असं सांगतात. कागद हरवला होता, आराखडा नव्हता, म्हणून ते निभावलं.

पॉडकास्टवाल्यांनी गदिमा व्हावं असं माझं म्हणणं नाही. त्यांनी लाड व्हावं.

यावर उत्तर तयार असतं. ‘आम्हाला गप्पा ओघात हव्यात, ठरवून नकोत.’ अहो, मैफलीत तरी गवई काय पाठ करून गातो? पण सम कुठे आहे हे त्याला पक्कं ठाऊक असतं, म्हणून तो मोकळा सुटतो. आकाशवाणीवर घड्याळ डोक्यावर बसलेलं असायचं. वेळ संपली की संपली, त्यामुळे काय गाळायचं ते आधी ठरवावं लागे. पॉडकास्टला घड्याळ नाही. म्हणून ते यजमानाने घरून न्यावं.

बाकी सल्ला कारकुनी आहे. पाहुण्याला आदल्या आठवड्यात एकदा भेटून यावं आणि इतरांना ठाऊक नसलेलं त्याला काय ठाऊक आहे ते हुडकावं. एका भागाला एकच प्रश्न पुरे. काकांच्या हातात खिळा द्यावा आणि विचारावं, ‘काका, ‘र्‍हस्व’ हा शब्द कसा जुळवायचा?’ पुढे गप्प बसावं. बालपण त्यातूनच आपोआप निघेल. शेवटी ताळा करावा, की श्रोता बसमधून उतरताना काय घेऊन उतरला? ताळा जुळला नाही तर आम्ही बँकेतून घरी जात नाही. यांनी निदान भाग चढवू तरी नये.

हिशोबाने काकांचं अजून एक तास अठ्ठेचाळीस मिनिटांचं येणं निघतं. चौऱ्याऐंशीव्या वर्षी हे खातं फार दिवस उघडं राहील या भरवशावर कुणी राहू नये. माईक असलेल्या कुणीही यावं, काका सांगायला तयार आहेत. फक्त एक ते चार बेल वाजवू नये.