दोघांपुरती वीस फूट

सिल्लोडहून अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर कधीतरी ट्रकची नुसती चासी धावताना आपल्याला दिसते. ना केबिन, ना फाळके. इंजिन, स्टिअरिंग आणि तोंडाला रुमाल गुंडाळून, गॉगल लावून वाऱ्यात बसलेला ड्रायव्हर. कारखान्यातून निघालेला तो सांगाडा बॉडीवाल्याच्या दारी निघालेला असतो. तिथे लाकूड-पत्रा चढतो, पेंटरचा कुंचला फिरतो, आणि मग कुठे त्याला रूप येते.

इंदूरचे महाराज दुसरे यशवंतराव होळकर यांची 1935 ची ड्यूसेनबर्ग एसजे अशीच उघड्या अंगाने घडली. चासी अमेरिकेतल्या इंडियानापोलिसची; तिच्यावर चढलेला साज मात्र लंडनच्या गर्नी नटिंग या बॉडी बांधणाऱ्या पेढीचा, ए. एफ. मॅकनील यांच्या आरेखनातला. आपल्या वेरूळच्या घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार करणाऱ्या अहिल्याबाईंच्याच गादीवरचा हा राजा. त्याने इंदुरात माणिकबाग महाल उभारला तो जर्मन वास्तुकार एकार्ट मुथेसियस यांच्याकडून, आणि ब्रांकुशीची पक्षीशिल्पे मागवली. अलंकारांची गर्दी ज्याला सोसवत नव्हती, त्याची गाडी कशी असेल?

छायाचित्रात प्रथम डोळा धरतो तो रंग : केशरी आणि काळा. पण रंगावर फार रेंगाळू नये, कारण खरी मौज लांबीत आहे. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या आसांमधले अंतर 153.5 इंच, म्हणजे पावणेतेरा फुटांहून थोडे अधिकच. ड्यूसेनबर्गची ही लांब चासी एरवी ऐसपैस लिमोझिनसाठी, सात-आठ माणसांच्या बैठकीसाठी घेतली जाई. इथे तिच्यावर बसतात दोघे! जवळजवळ वीस फूट गाडी, आणि जागा दोघांपुरती. उरलेली सगळी लांबी कशासाठी? नजरेसाठी. बॉनेट पुढे जातच राहते, चाकांवरचे मडगार्ड पाण्याच्या थेंबासारखे ओघळतात, आणि बैठकीमागे सारा देह हळूहळू निमुळता होत संपतो. एखादा जाणता गवई पुढच्या सुराची घाई न करता एकाच सुरावर निवांत थांबतो, तशी ही रेषा थांबते. उधळपट्टी म्हणाल तर आहेच. मला मात्र ती उधळपट्टी संयमाची वाटते, कारण मोकळ्या सोडलेल्या त्या लांबीवर एकही वेलबुट्टी नाही.

बॉनेटखाली सरळ रांगेतले आठ सिलिंडर, बत्तीस व्हॉल्व्ह, सुपरचार्जर. कंपनी सांगे 320 अश्वशक्ती. आकडे आपण ऐकून सोडून देऊ. मला मोह पडतो तो ड्यूसेनबर्गच्या डॅशबोर्डवरल्या इवल्याशा दिव्यांचा. दर पाऊणशे मैलांनी चासीच्या सांध्यांना आपोआप तेल सुटे आणि तसा दिवा लागे. इंजिनचे तेल बदलायची वेळ झाली की दुसरा, बॅटरीत पाणी पाहायचे असले की आणखी एक. वाफेवरच्या आगगाड्या धावत होत्या त्या काळात ही मोटार आपली तहान-भूक स्वतः सांगत होती.

ड्यूसेनबर्ग 1937 साली बंद पडली. आज कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचच्या हिरवळीवर असल्या गाड्या मांडल्या जातात, तेव्हा पाहणारे गुडघ्यांवर बसून रिव्हेट न्याहाळतात. तिथेच 2018 च्या लिलावात नट गॅरी कूपर यांची ड्यूसेनबर्ग 2 कोटी 20 लाख डॉलरला गेली. ती याच घराण्यातली, पण आखूड : आसांमधले अंतर 125 इंच. वेगासाठी अमेरिकेने चासी छाटली, इंदूरने आहे तेवढी ठेवून रिकामी सोडली. हातोडा कितीवर पडला यापेक्षा हा फरक मला अधिक चाखावासा वाटतो.

या केशरी गाडीच्या पुढच्या अंगाला लाल आणि निळे असे छोटे दिवे होते. आत महाराज आहेत की महाराणी, हे रस्त्यावरच्या माणसाला त्यांवरून कळावे म्हणून, असे सांगतात. महाराणी संयोगिताबाई, माहेरच्या कागलकर घाटगे, 1937 साली स्वित्झर्लंडमध्ये ऐन विशीत वारल्या. गाडी तेव्हा नवीकोरीच होती. त्यानंतर त्या दोन दिव्यांतला एक कुणी लावला असेल का?