संकेत आणि निवड : महाजालावरील साधनांच्या अध्यापनोपयोगाची चिकित्सा

अध्यापकाने महाजालावरील साधने वर्गात वापरावयास शिकणे म्हणजे यंत्र चालविण्यास शिकणे, अशी समजूत शिक्षणविषयक चर्चेत सर्वत्र आढळते. त्यामुळे अध्यापकांच्या प्रशिक्षणाचा विचारही यंत्र आणि त्याचे चालन यांपाशीच थांबतो. ही समजूत कितपत ग्राह्य आहे, हे तपासण्यास महाराष्ट्रातीलच एक विख्यात उदाहरण उपयोगी पडते.

सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात परितेवाडी येथे जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा आहे. तेथील शिक्षक श्री. रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये वार्की फाउंडेशनचे १० लक्ष डॉलरचे जागतिक शिक्षक पारितोषिक मिळाले व त्यातील अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर ९ शिक्षकांस वाटून दिली. त्यांच्या कार्याचे वर्णन बहुधा एका वाक्यात आटोपते : त्यांनी पाठ्यपुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड आणला. तो चौकोन मोबाईलसमोर धरला की कवितेचे वाचन, गोष्ट, पाठ किंवा स्वाध्याय उघडतो. परंतु पारितोषिकप्रसंगी प्रसिद्ध झालेल्या परिचयात याच्या अगोदरची एक गोष्ट नमूद आहे. २००९ मध्ये ते शाळेत आले, तेव्हा मुलींची घरची भाषा कन्नड असल्यामुळे अभ्यासक्रमाची भाषा त्यांस परकी होती. शिक्षकाने आधी ती भाषा शिकून घेतली, पहिली ते चौथीची पुस्तके तदनुसार नव्याने रचली आणि मग त्यांस कोड जोडले.

हा क्रम दृष्टीआड करून चालणार नाही. कोणत्या मुलास कोणता शब्द अडतो, हे ज्यास ठाऊक होते त्यानेच कोडमागील सामग्री निवडली होती. कोड हा त्या निवडीचा केवळ संकेत होय. भाषाशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर कोड हा संकेतक आहे. संकेतितार्थ त्याच्या बाहेरच राहतो.

पुढे २०१७ मध्ये राज्याच्या सर्व इयत्तांच्या पाठ्यपुस्तकांत असे कोड छापण्याचे जाहीर झाले. त्याच वर्षी शैक्षणिक साहित्याचे ‘दीक्षा’ हे राष्ट्रीय भांडारही महाजालावर खुले झाले. यात मोठी सोय झाली, हे निर्विवाद आहे. तथापि लाखो प्रतींवर छापलेला कोड सर्व मुलांस एकाच ठिकाणी नेतो. परितेवाडीच्या प्रयोगातील जो भाग छापता येण्याजोगा होता तो छापला गेला. वर्ग ओळखून सामग्री निवडण्याचा भाग छापता येण्याजोगा नव्हताच. तो प्रत्येक अध्यापकाने स्वतः कमवावयाचा आहे, आणि प्रशिक्षणात नेमकी त्याचीच वाण आहे.

हे कमवावयाचे ज्ञान कोणते, ते एका लहानशा पाठावरून स्पष्ट होईल. पुण्याच्या पूर्वेस असलेले मांजरी बुद्रुक २०२१ मध्ये महापालिकेच्या हद्दीत आले. तेथील वर्गात गावाच्या नावाचा अर्थ शोधण्याचा पाठ घेतला, अशी कल्पना करावी. शोधयंत्रात ‘मांजरी’ हा शब्द घातला तर एका बाजूस मांजर हा प्राणी येईल. ‘मंजरी’ असे लिहिले तर मोहोर किंवा तुरा येईल. आणि मध्येच ‘मांजरी नवीन’ व ‘मांजरी मेडिका’ ही द्राक्षांच्या वाणांची नावे येतील, कारण १९९७ मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र तेथेच आहे. यांपैकी शेवटची नावे गावावरून पडली आहेत. गाव त्यांवरून नव्हे. पहिल्या दोहोंविषयी तर ध्वनिसाम्यापलीकडे काहीच सिद्ध होत नाही. स्थलनामाची व्युत्पत्ती जुन्या कागदपत्रांतील रूपांवाचून ठरत नसते. शोधयंत्र या तिन्ही गोष्टी एकाच पंक्तीस बसविते. त्यांची पंगत मोडणे हे अध्यापकाचे काम.

कोशांचीही हीच कथा आहे. मोल्सवर्थचा कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश हे दोन्ही शिकागो विद्यापीठाने महाजालावर विनामूल्य उपलब्ध केले आहेत. खेड्यातील शाळेस पूर्वी हे भाग्य कुठले? पण मोल्सवर्थची दुसरी आवृत्ती १८५७ ची आहे आणि दाते-कर्वे यांचे खंड १९३२ ते १९५० या काळातील आहेत. पडद्यावर दोहोंचे अर्थ सारखेच ताजे दिसतात. पिवळे पान आणि जुना टाईप वाचकास जो इशारा देत, तो येथे नाहीसा होतो. शिवाय या कोशांतील लेखन १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीचे, म्हणजे ‘करणें’, ‘तळें’ असे सानुस्वार आहे. हे ध्यानात न घेता शोध केल्यास शब्द हाती न लागण्याचा आणि ‘कोशात शब्द नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघण्याचा संभव असतो.

यावर एक आक्षेप रास्त आहे. मोठ्या वर्गाच्या आणि अनेक कामांच्या ओझ्याखालील अध्यापकास एवढी चिकित्सा करण्यास सवड कोठून मिळावी? समान कोड सर्वांस निदान काहीतरी देतो. हे मान्यच केले पाहिजे. परंतु चिकित्सा म्हणजे प्रत्येक वेळी संशोधन नव्हे. मजकूर कोणाचा, कोणत्या वर्षीचा, आणि माझ्या वर्गातील मुलाच्या भाषेपासून किती दूरचा, हे ३ प्रश्न प्रत्येक दुव्यापुढे विचारले तरी बरेच साधेल. हस्तलिखितांच्या पाठचिकित्सेत हेच प्रश्न विचारले जातात. साधन नवे असले तरी विद्या जुनीच आहे.

ती विद्या पदव्युत्तर वर्गांत शिकविली जाते, आणि शाळेच्या अध्यापकापर्यंत मात्र यंत्र चालविण्याचे पाठच पोहोचतात. भाषाविभागांनी हे अंतर तोडले नाही तर कोड उघडत राहील, मूल पडद्याकडे पाहत राहील, आणि अडलेला शब्द अडलेलाच राहील.